फॅमिली पलीकडच्या खोलीत

"कोण हाय? मालक का पोरगं?"

फोनवरच्या माणसाने माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, एकदम हेच विचारलं. मिरज स्टँडसमोरच्या एसटीडी बूथमध्ये मी रिसीव्हर धरून उभी होते. काचेबाहेर दोघीजणी नंबर लावून थांबल्या होत्या, त्यातली एक आमच्याच दवाखान्यात बाळंत झालेली. तिने मला हात केला, कडेवरच्या पोराचाही हात धरून हलवला. मीही हसून हात केला.

"काय विचारलंत?"

"न्हाई म्हंजे, नशा करतंय कोण? मालक का पोरगं? भाऊ असंल तरी सांगा, लाजू नका. आमच्याकडं सगळ्या घरातली हाईत."

खरं सांगायचं म्हणूनच फोन लावला होता. स्टँडच्या मागच्या भिंतीवर रंगवलेला तो नंबर आठवडाभर येता-जाता बघून पाठ झाला होता. आता फक्त 'मी' म्हणायचं होतं, एक अक्षर. पण ती बाळंतीण काचेला नाक लावून उभी.

"मालक," मी म्हणाले.

"पावडर का इंजेक्शन?"

"इंजेक्शन."

"किती वर्सं?"

"चार."

"मग अजून येळ गेलेली न्हाई. मंगळवार आन् शनवार, संध्याकाळी सहाला, विश्रामबागेत बालवाडी हाय तिथं. त्यान्ला घेऊन या. न्हाई आले तर तुम्ही तरी या, फॅमिलीचीबी मीटिंग असती. मी राजाभाऊ."

अशा रीतीने माझ्या नवऱ्याला व्यसन लागलं.

माझे यजमान, श्रीपाल मगदूम, मिरजेच्या पोस्टात सॉर्टिंगला होते. नाकासमोर चालणारा माणूस म्हणतात ना, तसे; मला तर कधी कधी वाटायचं, यांना नाकाच्या बाजूचं काही दिसतच नसेल. आम्ही जैन. पण मी ड्यूटीच्या नावाखाली सगळे नियम कधीच गुंडाळून ठेवले होते, आणि हे मात्र सूर्य मावळायच्या आत जेवायचे, कांदा-लसूण नाही, सुपारी नाही, लग्नात कुणी पान पुढे केलं तर हात जोडायचे. एकोणीस वर्षांत मी त्यांना धड खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. म्हणजे बोलायचे नाहीत असं नाही, त्यांना ते यायचंच नाही. तोंड उघडलं की कान लाल.

आणि मी? मी शैला सिस्टर. सर्जिकल वॉर्डची इनचार्ज. नव्या पोरी माझ्या चपलांचा आवाज ऐकून पलंगाच्या चादरी ताणायच्या. पेशंट उचलून उचलून पाठ गेली, त्या पाठीसाठी एकदा दुखण्याचं इंजेक्शन घेतलं, मग दुसऱ्यांदा घेतलं, मग पाठ बरी झाली आणि इंजेक्शन राहिलं. औषधाच्या कपाटाची किल्ली माझ्याच कमरेला. ऑपरेशन झालेल्या बाईला अर्धं द्यायचं, अर्धं मला. ती रात्रभर कण्हायची आणि मी तिला सांगायचे, "बाई, जरा सोसायला शिका." या वाक्याची लाज मला आजही वाटते. त्यातल्या काही बायकांचे चेहरे अजून आठवतात.

हिवाळे मेट्रननी मला कपड्यांच्या खोलीत पकडलं. वीस वर्षांची आमची सोबत, माझ्या लेकीच्या बारशाला त्यांनी पाळणा म्हटला होता. त्या ओरडल्या नाहीत. दार लावून घेतलं, खाली बसल्या आणि आधी रडल्या.

"शैला, मी लिहिलं तर तुझी नोंदणी जाईल. उद्यापासून तू नर्स नाहीस. मला ते करायचं नाही." मग हात पुढे केला. "किल्ली दे. यातून सुटलेले लोक मीटिंगा घेतात, तिथे जा. दर आठवड्याला त्यांची सही आण. बारा सह्या झाल्या की किल्ली परत. नाहीतर मी लिहिणार."

किल्ली गेली. पण मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, एका कपाटाची किल्ली गेली म्हणून काय अडतंय? एका लहानशा नर्सिंग होममध्ये मी जादा ड्यूटी धरली. तिथलं कपाट उघडंच असायचं, पण औषध थोडं. थोडक्यात भागवत होते. मला सुटायचं होतं, हे खरं. मला किल्ली हवी होती, हेही तितकंच खरं. आमच्या बॅचची एकजण कोल्हापूरला ड्यूटी रूममध्ये मेलेली सापडली, तेव्हा वॉर्डची किल्ली तिच्या हातातच होती. किल्ली परत मिळाली तर माझं काय होणार हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. तरी मी दिवस मोजत होते.

पहिल्या मंगळवारी विश्रामबागेत उतरले ते मनाशी पक्कं ठरवून. आज सांगायचं. बालवाडीच्या दोन खोल्या होत्या, मध्ये प्लायवुडची भिंत. डावीकडच्या खोलीत बारा-तेरा पुरुष पोरांच्या लहान लहान खुर्च्यांवर गुडघे वर करून बसले होते. डोक्यावर अननस, आगगाडी आणि इमारतीची चित्रं. मी दारात उभी राहिले आणि सगळे धडपडत उठले. कडक इस्त्रीची साडी, घट्ट अंबाडा, हातात पर्स. बाई तपासणीला आल्या असं वाटलं असेल. एकाने तर विडी पायाखाली चुरडली.

"मी... फोन केला होता. मिरजेहून."

"हां, हां! ताई तुम्ही!" एक काळा, ठेंगणा, हसरा माणूस पुढे आला. हे राजाभाऊ. पूर्वी रिक्षा चालवायचे, पावडर ओढायचे. सुटून नऊ वर्षं झालेली. "मालक न्हाई आले? येतील. पयल्या दिवशी कुणाचाच मालक येत न्हाई. या, फॅमिली पलीकडच्या खोलीत." आणि मान वळवून हाक मारली, "बेबी! मिरजेच्या ताई आल्यात, बघ गं!"

मला डावीकडच्याच खोलीत बसायचं होतं. पण बारा पुरुष मान खाली घालून आदराने उभे असताना 'बसा हो, मी तुमच्यातलीच' म्हणायला वेगळं काळीज लागतं. ते माझ्यापाशी नव्हतं. मी मुकाट्याने उजवीकडे गेले.

उजवीकडे राजाभाऊंच्या पत्नी, बेबीताई. उंच, दणकट, आवाज असा की बोलता बोलता भांडतायत असं वाटावं. त्यांच्याभोवती सहा-सात बायका, कुणाचा नवरा, कुणाचा मुलगा. मला मधली खुर्ची दिली, चहा दिला.

"बोला ताई. इथं कुणी हसत न्हाई. मन मोकळं करा."

मला वाटलं होतं दोन शब्द बोलून गप्प बसू. पण तोंड उघडलं आणि माझं मलाच नवल वाटलं. "सुया तांदळाच्या डब्यात लपवतात," मी म्हणाले. "मे महिन्यात पूर्ण बाह्यांचे कपडे घालतात. बाथरूमला जातात ते अर्धा-अर्धा तास बाहेर येत नाहीत. चंदना आमची लेक, कॉलेजला असते, तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली की पुन्हा नाही, आणि ती हॉस्टेलला परत गेली त्या दुपारीच घेतलं." बोलताना घाम येत होता आणि मी मनगटापर्यंतच्या बाहीने तो पुसत होते. कुणाच्या लक्षात आलं नाही. बायका डोळे पुसत होत्या.

सगळं अक्षर न् अक्षर खरं होतं, फक्त माणूस दुसरा होता.

"इतकं बारीक तुम्हाला कसं कळतं ओ?" एकीने विचारलं.

"नर्स आहे ना मी."

"म्हणजे काखेत कळसा आन् गावाला वळसा!" बेबीताई म्हणाल्या. "घरात नर्स असून माणूस हाताबाहेर गेला. लई बिलंदर दिसतोय तुमचा."

याचा मला राग आला. "बिलंदर नाहीत हो ते. मुद्दाम करत नाहीत. सकाळी उठलं की आज नको असंच वाटतं त्यांना. पण दुपार झाली की अंगात मुंग्या येतात, हाडं दुखतात..."

"तुम्ही लई भोळ्या," बेबीताईंनी माझा गुडघा थोपटला. "ध्यानात ठेवा. पांघरूण घालायचं न्हाई. त्याच्या साहेबाला 'ताप आलाय' म्हणून फोन करायचा न्हाई. त्यानं सांडलं तर त्यानंच पुसायचं. तुम्ही झाकत राहिला तर तो कशाला सुटंल?"

त्या दिवशी घरी गेले तर श्रीपाल मोरीत बसून दुधाचं भांडं घासत होते. दुपारी मी दूध ठेवून झोपले होते, झोपले म्हणजे काय ते कळलंच असेल. भांडं पार कोळसा झालं होतं. ते राखेने घासत होते आणि मला बघून म्हणाले, "अगं, मीच विसरलो बघ." कान लाल. मागच्या आठवड्यात मी उठू शकले नाही तेव्हा यांनीच वॉर्डला फोन करून सांगितलं होतं, शैलाला जरा कणकण आहे. मला बेबीताई आठवल्या. त्या खोलीत बसायची लायकी या माणसाची होती, माझी नव्हती. पण हे मी फार वेळ डोक्यात राहू दिलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. यांना काही कळलेलं नाही, अशीच माझी समजूत होती. चार वर्षं माणूस एका घरात राहतो आणि त्याला काही कळत नाही, असं मी, वीस वर्षं पेशंटचे चेहरे वाचणारी बाई, धरून चालले होते.

सही बेबीताई द्यायच्या. कार्डावर तारीख, खाली सही आणि खात्री म्हणून बालवाडीचा शिक्का. शिक्क्यावर ससा होता.

"हे काय?" मेट्रननी चष्मा वर करून विचारलं.

"त्यांच्यात नावं गुप्त ठेवतात, मेट्रन."

"म्हणून ससा?"

"हो."

त्या भाविक बाई, त्यांचा विश्वास बसला. दर बुधवारी कार्ड बघून माझ्या गालाला हात लावायच्या. "मी प्रार्थना करतेय, शैला." अकरा ससे झाले. तिकडे बायकांत माझा मान वाढत होता. नव्या येणाऱ्या सुनांना बेबीताई माझं उदाहरण द्यायच्या: एवढा नवऱ्याचा छळ, पण बाई कशी ताठ आहे बघा. एकदा तर मीच एका रडणाऱ्या पोरीला अर्धा तास समजावलं, आणि चांगलं समजावलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान. तासाभराने बसमधून उतरले ती थेट नर्सिंग होमच्या कपाटापाशी.

बाराव्या मंगळवारी बालवाडीला रंग लावायचं काम निघालं आणि मीटिंग झाली नाही. सोमवारी मेट्रन किल्ली देणार होत्या. म्हणजे शनिवारी गेलंच पाहिजे.

"जयसिंगपूरला ताईकडे जाऊन येते," मी श्रीपालना सांगितलं.

"जा की," ते म्हणाले. "मलाही आज जरा काम आहे." आणि कान लाल झाले. माझ्या ते लक्षात आलं, पण मी घाईत होते. तीन वाजता बाथरूममध्ये जाऊन आले होते, डोळ्यांवर येण्याआधी बस धरायची होती.

बस रखडली. पोचले तेव्हा सहा वाजून पाच मिनिटं झाली होती. उजवीकडच्या खोलीच्या दारात चप्पल काढली, वर बघितलं, आणि समोर लाल रंगाच्या चिमुकल्या खुर्चीवर, गुडघे छातीशी, मांडीवर पोस्टाची खाकी पिशवी घेऊन श्रीपाल बसले होते. हातातला चहाचा कप तसाच होता.

नंतर कळलं ते असं. त्यांनीही भिंतीवरचा तोच नंबर लावला होता. राजाभाऊंनी विचारलं, "कोण हाय, पोरगं का भाऊ?" तर "घरातलं माणूस आहे," एवढंच हे म्हणाले. शनिवारी या, राजाभाऊ म्हणाले, फॅमिली उजवीकडच्या खोलीत. हे पहिल्यांदाच येत होते, येऊन पाच मिनिटं झाली होती, अजून कुणी त्यांना बोलतं केलं नव्हतं.

मला बघून ते उभे राहिले. "शैला!"

आणि हसले. तसं हसताना मी त्यांना चंदना झाली तेव्हा बघितलं होतं. मी आपल्या पायांनी इथे आले, मी स्वतःसाठी आले, असं त्यांना वाटलं. तेवढा एक क्षण त्यांचा होता.

"हे तुमचे मालक?" बेबीताई ताडकन उठल्या. "अगं बया! हेच का ते?"

मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं. ते म्हणाले, "होय."

मग बेबीताईंनी तीन महिने साठवलेलं सगळं बाहेर काढलं.

"आलास का शेवटी! बघ, बघ ह्या बाईकडं. किती वाळली! सुया तांदळाच्या डब्यात लपवतोस व्हय रे? ज्या डब्यातलं खातोस त्यात? सोन्यासारख्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतोस आन् दुपारीच घेतोस? मे महिन्यात पूर्ण बाह्या घालून लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकतोस?"

श्रीपालनी अर्ध्या बाहीचा शर्ट घातला होता. कुणीही बघितलं असतं तर दिसलं असतं, दोन्ही हात स्वच्छ. पण बेबीताईंना माणूस बघायचा नव्हता, त्यांच्या डोळ्यांपुढे मी रंगवलेला माणूस होता. श्रीपाल एकेक वाक्य ऐकत होते. तांदळाचा डबा ऐकताना त्यांनी मान हलवली, तो त्यांना माहीत असावा. चंदनाच्या शपथेला त्यांनी माझ्याकडे बघितलं. ती त्यांना माहीत नव्हती.

हळूहळू ते हसू गेलं. मी इथे कोण म्हणून येते, त्यांना समजलं. मी त्यांच्या डोळ्यांत ते समजताना बघितलं आणि जागची हलले नाही. कार्ड माझ्या हातात होतं, एक ससा कमी होता.

"बोल की! चुकलं म्हण बायकोला!"

"चुकलं," श्रीपाल म्हणाले.

"तुमची खोली ही न्हवं. ही फॅमिलीची. चला." बेबीताईंनी त्यांचा दंड धरला. ते निघाले. दारात माझ्याजवळून जाताना थांबले आणि हळूच म्हणाले, "बस तू. उभी राहू नकोस, पाठ दुखेल."

मी बसले. बायका माझ्याभोवती जमल्या. कुणी पाठीवरून हात फिरवला, कुणी पाणी दिलं. "तुमची तपश्चर्या फळाला आली," एकजण म्हणाली. परत येऊन बेबीताईंनी माझ्या हातातलं कार्ड घेतलं, स्वतःहून सही केली, शिक्का उमटवला. बारा.

प्लायवुडमधून पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. आज आमच्या खोलीत कुणी बोलतच नव्हतं, सगळ्यांना ऐकायचं होतं.

"नाव सांगा," राजाभाऊंचा आवाज.

"श्रीपाल."

"पुढं म्हणा की. इथं सगळे म्हणत्यात. मी श्रीपाल, मी व्यसनी."

मी डोळे मिटून घेतले. यांना जमणार नाही, आता सांगतील, आता सांगून टाकतील, असं मनात चाललं होतं, आणि खरं सांगते, सांगावं असंच वाटत होतं.

"मी श्रीपाल," ते म्हणाले. "मी व्यसनी."

"या, श्रीपालभाऊ!" सगळे एका सुरात. टाळ्या वाजल्या.

"कसं लागलं म्हणायचं?"

"पाठ दुखायची. पेशंट उचलून उचलून."

"पेशंट? कुठं असता कामाला?"

"पोस्टात."

"पोस्टात कसले पेशंट ओ?"

"पार्सल," श्रीपाल घाईने म्हणाले. "पार्सल म्हणायचं होतं. मोठी मोठी असतात."

पलीकडे हशा पिकला. आमच्या खोलीतही दोघीतिघी हसल्या. माझ्या डोळ्यांपुढे त्यांचे कान येत होते.

"बरं ऱ्हाऊ दे," राजाभाऊ म्हणाले. "हसू नका रे. श्रीपालभाऊ, नव्या माणसाला आम्ही एकच इचारतो. शेवटचं कधी घेतलं? आज असंल तर आज सांगा. तिथनं आम्ही तुमचं मोजायला लागतो."

पलीकडे खुर्ची करकरली.

"ते मला माहीत नाही."

"आं? तुमच्या अंगात गेलं आन् तुमालाच म्हाईत न्हाई?"

"नाही कळत हो." आवाज आता वेगळा येत होता. खोटं बोलायची धडपड संपली होती. "रोज घरी आलो की आधी डोळ्यांकडे बघतो. कधी वाटतं, आज नाही घेतलेलं. मग चहा करताना हात बघतो आणि वाटतं, घेतलंय. विचारायचा धीर होत नाही. विचारलं तर खोटं सांगावं लागेल, आणि मग ते दुःख वेगळं. चार वर्षं झाली. झोपेत श्वास अडकतो कधी कधी, म्हणून उठून बसतो आणि मोजत राहतो. शेवटचं कधी, ते मला खरंच माहीत नाही."

पलीकडे कुणी हसलं नाही.

बेबीताईंचा माझ्या पाठीवरचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मनगटापर्यंतच्या बाह्यांकडे बघितलं.

मी उठले. कार्ड खुर्चीवरच ठेवलं.

त्या कार्डाचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. सोमवारी मी हिवाळे मेट्रनच्या पुढे रिकाम्या हाताने गेले आणि सांगितलं की मी बारा आठवडे चुकीच्या खोलीत बसत होते. अर्ध्या इंजेक्शनांचंही सांगितलं. त्यांनी लिहिलं. लिहिताना पुन्हा रडल्या. नोंदणी दोन वर्षं गेली, चौकशी झाली, गावभर झालं. नंतर मी लसीकरणाच्या कॅम्पात, मग एका शाळेत, अशी नोकरी केली, पण औषधाच्या कपाटाची किल्ली पुन्हा कधी कुणी मला दिली नाही आणि मी मागितली नाही. बेबीताई माझ्याशी वर्षभर बोलल्या नाहीत. फसवलं म्हणून नव्हे, तर एका साध्या माणसाला माझ्यापायी नको नको ते बोलल्या म्हणून.

दोन दारांच्या मध्ये सात पावलांचा व्हरांडा होता. त्या शनिवारी कार्ड मागे ठेवून तो मी ओलांडला. डावीकडच्या दारात उभी राहिले. सगळे पुरुष पुन्हा धडपडत उठले.

"ताई," राजाभाऊ मऊ आवाजात म्हणाले, "मालकांचं चांगलं चाललंय. काळजी करू नका. फॅमिली पलीकडच्या..."

"बसा सगळे."

वॉर्डातला आवाज आपोआप आला. सगळे बसले. श्रीपालही बसले.

"तुम्ही नाही. तुम्ही उठा. ती खुर्ची माझी आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "शैला, अगं, राहू दे. मी बसतो. मला काही नाही त्याचं."

"उठा म्हणते ना."

ते उठले. मी त्या चिमुकल्या खुर्चीवर बसले. ती त्यांच्या अंगाने अजून गरम होती. माझे गुडघे वर आले, साडी सावरली, आणि डावी बाही कोपरापर्यंत वर केली. चार वर्षांत उजेडात पहिल्यांदाच.

"आज दुपारी तीन वाजता," मी म्हणाले.

कुणालाच काही कळलं नाही. मग हाताकडे बघून एकेकाला कळत गेलं.

"शेवटचं विचारत होता ना त्यांना? आज दुपारी तीन वाजता घेतलं. घरी, बाथरूममध्ये. त्यांनी नाही. त्यांनी जन्मात काही घेतलेलं नाही. मी शैला. मी व्यसनी."

राजाभाऊ माझ्याकडे बघत राहिले, मग श्रीपालकडे. श्रीपाल भिंतीला टेकून उभे होते आणि हुंदके देऊन रडत होते, खांदे हलत होते, पिशवी तोंडाशी धरलेली. राजाभाऊंनी शेजारच्या माणसाला खूण केली, तो उठला आणि त्यांच्या खांद्यावर हात टाकून त्यांना हळूहळू उजवीकडच्या खोलीकडे घेऊन गेला.

मग राजाभाऊंनी मनगटावरचं घड्याळ बघितलं.

"पावणेसात वाजलेत," ते म्हणाले. "म्हंजे तीन तास पंचेचाळीस मिनिटं झाली की, ताई. चला, तिथनं मोजू."